ॲप अनेक, रस्ता एक : मोबाइलवरून पैसे जातात कसे आणि स्पर्धा कशाची?



गणपतीची वर्गणी मागायला आम्ही चार-पाच जण जिना चढून वर गेलो की दार उघडताच प्रश्न येतो, "दादा, फोनपे आहे की गूगल पे?" आम्ही पावतीपुस्तकाला चिकटवलेला मंडळाचा क्यूआर पुढे करतो आणि सांगतो, "कोणतंही चालेल." तरी कुणी ना कुणी थबकतंच. "माझ्याकडे पेटीएम आहे, तुमच्याकडे जातील ना पैसे?"

या प्रश्नात हसण्यासारखं काही नाही. दहा वर्षांपूर्वी तो अगदी बरोबर प्रश्न होता. तेव्हा एका ॲपमधले पैसे दुसऱ्या ॲपमध्ये जातच नव्हते. आज जातात. मधल्या काळात काय बदललं, आणि अजून कुठे जपून राहायला हवं, हे सभासदांना सोप्या भाषेत सांगावं म्हणून हा लेख.

वॉलेटचे दिवस

बँकेतून बँकेत लगेच पैसे पाठवण्याची आयएमपीएस ही सोय २०१० पासून आहे. पण त्यासाठी समोरच्याचा खाते क्रमांक आणि बँकेचा कोड लागायचा. भाजीवाल्याला कोण खाते क्रमांक विचारणार? म्हणून वॉलेट आली. पेटीएम, मोबीक्विक, फ्रीचार्ज वगैरे. आधी बँकेतून वॉलेटमध्ये पैसे भरायचे आणि मग दुकानात द्यायचे. अट अशी, की दुकानदाराकडेही तेच वॉलेट हवं. त्यामुळे एकाच गल्ल्यावर तीन-चार वेगवेगळे स्टिकर लागलेले असत.

८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या आणि सगळ्यांची धावपळ उडाली. त्या वेळची एक गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं धसई हे गाव डिसेंबर २०१६ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं 'कॅशलेस' गाव म्हणून जाहीर झालं. दुकानदारांना कार्ड स्वाइप करायची मशीन दिली गेली, वर्तमानपत्रांत फोटो आले. पुढे मात्र तिथला बराचसा व्यवहार पुन्हा रोखीवर आल्याच्या बातम्या झळकल्या.

यात गावाला दोष देण्यात अर्थ नाही. स्वाइप मशीनला वीज लागते, नेटवर्क लागतं, गिऱ्हाइकाकडे कार्ड लागतं आणि व्यवहारामागे शुल्कही द्यावं लागतं. दहा रुपयांच्या कोथिंबिरीला हा सगळा व्याप परवडत नाही. आज तोच भाजीवाला क्यूआर लावून बसलेला दिसतो, कारण तो एक छापील कागद आहे. त्याला ना वीज लागते, ना भाडं.

यूपीआय म्हणजे नेमकं काय?

नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया (एनपीसीआय) ही मुंबईतली संस्था. तिने तयार केलेल्या यूपीआय व्यवस्थेची सुरुवात ११ एप्रिल २०१६ रोजी तेव्हाचे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते झाली. त्याच वर्षी ३० डिसेंबरला एनपीसीआयचं स्वतःचं 'भीम' ॲप आलं.

आपण वर्गणीचा क्यूआर स्कॅन करतो तेव्हा काय होतं ते पाहू. क्यूआरमध्ये फक्त मंडळाचा यूपीआय पत्ता असतो. आपलं ॲप तो पत्ता आणि रक्कम एनपीसीआयकडे पोचवतं. आपण पिन टाकला की आपली बँक आपल्या खात्यातून रक्कम वजा करते आणि मंडळाची बँक ती जमा करते. हे सगळं काही सेकंदांत उरकतं. म्हणजे पैसे बँकेतून थेट बँकेत जातात. ॲपचं काम फक्त निरोप पोचवण्याचं.

म्हणूनच ॲप फोनमधून काढून टाकलं तरी खात्यातला पैसा कुठे जात नाही. आणि म्हणूनच फोनपेवाल्याला गूगल पेवाल्याकडे पैसे पाठवता येतात. ॲप वेगवेगळी, रस्ता एकच. केनियातलं एम-पेसा २००७ मध्ये, आपल्या किती तरी आधी आलं, पण ते सफारीकॉम या एका मोबाइल कंपनीने उभं केलं. आपल्याकडे रस्ता सर्वांचा सामाईक ठेवला आणि गाड्या ज्याने त्याने चालवाव्या असं ठरलं.

अर्थात हा सामाईकपणा आपोआप आला नाही. जानेवारी २०१७ मध्ये आयसीआयसीआय बँकेने आपल्या खातेदारांचे फोनपेवरचे व्यवहार रोखून धरले होते. इतर यूपीआय ॲपना फोनपे पुरेसा वाव देत नाही, असा तिचा आक्षेप होता. काही आठवड्यांनी त्यातून मार्ग निघाला. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने नियमच केला, की एकाच कंपनीला चालणारे क्यूआर बंद करून मार्च २०२२ पर्यंत सर्वांना चालणारे क्यूआर लावायचे. गल्ल्यावरच्या स्टिकरांची गर्दी त्यानंतर हळूहळू कमी झाली.

मग स्पर्धा कशाची?

१ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून व्यवहार शुल्क घेतलं जात नाही. वापी स्टेशनच्या रिक्षावाल्यापासून चहाच्या टपरीपर्यंत क्यूआर पोचला त्यामागचं हे मोठं कारण. पण मग या कंपन्यांचं भागतं कसं? थोडा वाटा सरकारच्या प्रोत्साहन रकमेतून येतो. २०२४-२५ साठी केंद्राने १५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. बाकी कमाई कर्ज, विमा, सोनं, म्युच्युअल फंड यांच्या विक्रीतून, काही रिचार्जवरच्या शुल्कातून आणि दुकानातल्या बोलक्या डब्याच्या, म्हणजे साउंडबॉक्सच्या भाड्यातून.

म्हणजे खरी स्पर्धा पैसे पोचवण्याची नाहीच. आपण ॲप उघडल्यावर आपल्यासमोर काय मांडता येईल, याची आहे. वर्गणी भरल्यावर पडद्यावर 'तुम्हाला दोन लाखांचं कर्ज मंजूर' असं दिसलं, तर ते कशासाठी आहे हे आता लक्षात येईल.

या स्पर्धेत गूगल २०१७ च्या सप्टेंबरमध्ये 'तेज' या नावाने उतरलं आणि वर्षभरात त्याचं गूगल पे झालं. आज यूपीआयचे पाचपैकी सुमारे चार व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोन ॲपवरून होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातल्या यूपीआय व्यवहारांची संख्या पहिल्यांदा २००० कोटींच्या वर गेली. एवढा भार दोन गाड्यांवर!

हा धोका एनपीसीआयलाही दिसला. कोणत्याही एका ॲपकडे ३० टक्क्यांहून जास्त व्यवहार नसावेत, असा नियम तिने नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केला. पण मोठ्या ॲपना त्याची मुदत दोनदा वाढवून मिळाली आणि ती आता ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. कारण उघड आहे. कोट्यवधी लोकांना 'तुम्ही हे ॲप वापरू नका' असं कोण सांगणार?

एक गाडी बंद पडली तर?

हे नुसतं भीतीपोटी म्हणत नाही, असं घडलेलं आहे. ५ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध आणले. फोनपेचे यूपीआय व्यवहार तेव्हा याच बँकेमार्फत होत असल्याने एका रात्रीत फोनपे ठप्प झालं. दुसऱ्या बँकेच्या आधाराने ते सावरायला सुमारे एक दिवस लागला. तेवढ्या वेळात ज्यांच्याकडे दुसरं ॲप होतं त्यांचं काम चाललं.

३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर कारवाई केली. १५ मार्चनंतर तिथे नवीन पैसे जमा होणार नव्हते. पेटीएम ॲप मात्र इतर चार बँकांच्या आधाराने सुरू राहिलं. ॲप वेगळं आणि बँक वेगळी, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. ज्यांचा पगार किंवा दुकानाचा गल्ला त्या बँकेतच जमा होत होता, त्यांना मात्र खातं बदलावं लागलं.

आपल्या मंडळातही एकदा याची चुणूक मिळाली. महाप्रसादाच्या कुपनांच्या टेबलावर ऐन गर्दीत एका बँकेचा सर्व्हर बसला. रांगेतल्या निम्म्या लोकांचे पैसे 'प्रोसेसिंग' म्हणून अडकले. कुणाचे दोनदा गेले, कुणाचे गेलेच नाहीत. एका काकूंनी पदराच्या गाठीतली पाचशेची नोट काढली आणि मागच्या चौघांची कुपनंही घेऊन टाकली. हिशेब दुसऱ्या दिवशी जुळला, पण धडा मिळाला. तेव्हापासून मंडळाने दोन बँकांचे दोन क्यूआर ठेवले आहेत, आणि रोखीची पेटीही.

जे या रस्त्यावर नाहीत त्यांचं काय?

सिल्वासात आपल्यापैकी अनेक जण कारखान्यांच्या निमित्ताने आले. मसाट, पिपरिया, खडोली इथे काम करणाऱ्यांना गावी पैसे पाठवायला आता बँकेच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, ही मोठीच सोय झाली. पण बऱ्याच घरांत जुनं खातं खानदेशातल्या किंवा कोकणातल्या शाखेत असतं आणि त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक कधीच बंद झालेला असतो. अशा खात्यावर यूपीआय सुरूच होत नाही. गावी जाल तेव्हा हे काम आधी उरका.

साधा बटणांचा फोन असणाऱ्यांसाठी 'यूपीआय १२३पे' ही सोय मार्च २०२२ पासून आहे. घरातल्या ज्येष्ठांसाठी 'यूपीआय सर्कल' उपयोगी आहे. मुलाच्या खात्यातून, त्याने ठरवलेल्या मर्यादेत, आईला स्वतःच्या फोनवरून पैसे देता येतात. आणि ज्यांना हे काहीच नको असेल त्यांना रोख देण्याचा पूर्ण अधिकार आहे. मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात रोख नाकारली जाणार नाही.

घरात एवढं करून ठेवा

१. दोन वेगळी ॲप आणि शक्य असल्यास दोन वेगळ्या बँकांची खाती ठेवा. एकाच खात्याला दोन ॲप जोडली, तर ती बँक बंद पडल्यावर दोन्ही थांबतील.

२. किरकोळ खर्चासाठी 'यूपीआय लाइट' सुरू करा. यात १००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो आणि प्रत्येक वेळी बँकेच्या सर्व्हरवर अवलंबून राहावं लागत नाही. फोन बदलण्याआधी त्यातली रक्कम खात्यात परत घ्या.

३. पैसे अडकले तर पुन्हा पुन्हा पाठवू नका. आधी खात्याचा मेसेज पाहा.

४. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. 'पिन टाका, पैसे येतील' असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्या.

५. पैसे देताना पडद्यावरचं नाव वाचा. घेताना समोरच्याच्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका, आपल्या खात्यात जमा झालेली रक्कम पाहा.

६. फसवणूक झाली तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

७. घरात दोन-तीन दिवस पुरतील एवढ्या नोटा आणि सुटे पैसे असू द्या.

तेव्हा यंदा वर्गणीला आम्ही दारात आलो की ॲप कोणतं ते विचारू नका, फक्त क्यूआरवर मंडळाचं नाव वाचा. आणि घरातल्या आजी-आजोबांना हे समजावून सांगायला कुणी नसेल, तर मंडळाच्या पुढच्या बैठकीला त्यांना फोनसह घेऊन या. आपली मुलं शेजारी बसून दाखवतील. पिन मात्र आजींनीच टाकायचा, आणि कुणालाही न दाखवता!