आधी माल, मग पॅलेट

जानेवारी ते एप्रिल हा नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्ष पॅकहाऊसच्या धावपळीचा काळ. युरोपला निघालेली द्राक्षे छोट्या खोक्यांत भरायची, खोकी पॅलेटवर थरांनी रचायची, कोपऱ्यांना अँगल लावून पट्टी मारायची, प्री-कूलिंग करायचे आणि रिफर म्हणजे शीत कंटेनरमधून माल न्हावा-शेवा बंदराला रवाना करायचा. रिफरमध्ये थंड हवा खालून येते. तळाच्या ‘टी’ आकाराच्या पट्ट्यांमधल्या खाचांतून ती वाहते आणि मालातून वाट काढत वर चढते. त्यामुळे पॅलेटच्या फळ्यांमधल्या फटी आणि खोक्यांच्या तळाची भोके एकमेकांसमोर यावी लागतात. भोकाखाली नेमकी फळी आली, तर हवेची वाट बंद होते आणि बागायतदाराने वर्षभर जपलेला माल वाटेतच नरमतो. द्राक्षाचे पॅलेट म्हणूनच द्राक्ष ओळखून बांधावे लागते.

फळ्या, ठोकळे आणि खिळे एवढ्याच सामग्रीवर जगाचा व्यापार उभा आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. रेल्वेच्या डब्यातली डबाबंद खाद्यपदार्थांची १३,००० खोकी हाताने उतरवायला तीन दिवस लागत आणि तोच माल पॅलेटवर आला की चार तासांत काम उरके, अशी नोंद १९३१ साली अमेरिकेतल्या एका रेल्वे नियतकालिकात आहे. दुसऱ्या महायुद्धात फोर्कलिफ्ट आणि पॅलेट ही जोडी रसद पुरवठ्यात मुरली आणि युद्धानंतर कारखान्यांत रुळली.

पुढे प्रत्येक प्रदेशाने आपापले माप ठरवले. युरोपातल्या रेल्वे कंपन्यांनी १९६१मध्ये ८०० बाय १२०० मिलिमीटरचे माप पक्के केले. त्या पॅलेटमध्ये ११ फळ्या, ९ ठोकळे आणि ७८ खिळे असतात. अमेरिकेत ४८ बाय ४० इंच चालते, ऑस्ट्रेलियात ११६५ मिलिमीटरचा चौरस. कंटेनरची आतली रुंदी मात्र सुमारे २.३५ मीटर. ऑस्ट्रेलियन पॅलेट शेजारी-शेजारी दोन बसतात. युरोपियन पॅलेटच्या दोन लांब बाजू एका रेषेत ठेवल्या, तर २.४० मीटर होतात आणि पाच सेंटिमीटरवर गाडी अडते. एवढ्यासाठी युरोपात जास्त रुंदीचे वेगळे कंटेनर बनवावे लागले.

ही तयार मापे बिस्किटांच्या, साबणाच्या खोक्यांना उत्तम. पिंपरी-चिंचवड, चाकण भागातून निघणाऱ्या यंत्रांचे तसे नाही. लेथसारख्या यंत्राचे वजन एका बाजूला झुकलेले असते. ते चार पायांवर उभे असेल, तर सगळा भार तळहाताएवढ्या चार जागांवर येतो आणि साधी फळी तिथे मोडते. अशा वेळी पायांच्या बरोबर खाली जाड आडवे ओंडके घ्यावे लागतात, यंत्र त्यांना बोल्टने आवळावे लागते आणि गुरुत्वमध्य कुठे आहे, ते बाहेरून दिसेल असे रंगवावे लागते.

गोल मालाची तऱ्हा आणखी वेगळी. पोलादी पत्र्याची गुंडाळी सपाट फळीवर आडवी ठेवली, तर घरंगळते. म्हणून तिच्यासाठी खोबणीचे पॅलेट करतात. काचेची मोठी तावदाने आडवी रचली तर स्वतःच्या वजनाने तडकण्याचा धोका असतो. ती ‘ए’ आकाराच्या चौकटीला किंचित कलती टेकवून उभी नेतात.

जाणता पॅलेटवाला म्हणूनच भाव सांगण्याआधी विचारतो: वजन किती, कुठे किती? माल जमिनीवर राहणार की रॅकवर? जमिनीवर दोन टन सहज पेलणारे पॅलेट रॅकमध्ये दोन कडांवर टेकले, की मधोमध वाकते. फोर्क दोन बाजूंनी घालायचा की चारही? प्रवास रस्त्याचा की समुद्राचा? कंटेनर भरण्याविषयीच्या २०१४च्या आंतरराष्ट्रीय संहितेत खवळलेल्या समुद्रासाठी मालाच्या वजनाच्या ८० टक्क्यांइतका आडवा जोर धरलेला आहे. दहा टनांच्या यंत्राला आठ टनांचा धक्का बाजूने बसणार, असे समजूनच बोल्ट निवडायचे.

हा हिशेब पूर्वी अनुभवावर चाले. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संशोधनातून १९८४मध्ये पॅलेट डिझाइन सिस्टीम हे सॉफ्टवेअर आले. लाकडाची जात, फळीची जाडी, खिळ्याचा प्रकार सांगितला, की पॅलेट किती भार पेलेल, ते कळू लागले.

लाकडाला आणखी एक परीक्षा द्यावी लागते. १९९६मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाडे पोखरणारा लांब मिशांचा आशियाई भुंगेरा सापडला. तो मालाच्या लाकडी वेष्टनातून आला असावा, असा निष्कर्ष निघाला. पुढे हजारो झाडे तोडावी लागली. २००२मध्ये ‘आयएसपीएम १५’ हा आंतरराष्ट्रीय नियम झाला. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवायचे आणि गव्हाच्या ओंबीचा शिक्का मारायचा. शिक्का नसेल, तर आतला माल कितीही चोख असला तरी बंदरातून परत पाठवला जाऊ शकतो. प्लायवुड तयार होतानाच उष्णता आणि दाबाखालून जाते. त्याला ही अट लागू नाही.

आयकिया या स्वीडिश कंपनीने विचार उलट्या बाजूनेही केला. तिचा ‘बँग’ नावाचा मग एका पॅलेटवर ८६४ बसत असे. मगचा आकार बदलल्यावर १,२८० बसू लागले आणि पुन्हा बदलल्यावर २,०२४. वस्तू आणि तिची बैठक यांचा विचार एकत्र केला, की किती फरक पडतो, याचा हा सर्वांत स्वच्छ दाखला आहे.

आपल्याकडच्या अनेक लहान कारखान्यांत मात्र पॅलेटची आठवण माल तयार झाल्यावर, गाडी दारात उभी राहिल्यावर येते. मग घाईत ओल्या लाकडाचे पॅलेट ठोकले जाते. ते वाटेत वाळते, आकसते आणि खिळे सैल पडतात. निर्यात करणाऱ्या उद्योजकांनी ही सवय सोडायला हवी. यंत्राचे ड्रॉइंग पक्के होईल त्याच दिवशी वजन, पायांच्या जागा, गुरुत्वमध्य आणि पोचायचे बंदर एवढी माहिती पॅलेटवाल्याच्या हाती द्या, आणि पहिले पॅलेट भरून, उचलून, तपासून मगच बाकीची ऑर्डर द्या.