खानदेशातला हिवाळी पाऊस
ऑक्टोबर ते डिसेंबर हा तमिळनाडूच्या किनाऱ्याचा, बंगालच्या उपसागरावरून येणारा हक्काचा पावसाळा. जळगाव-धुळ्यात मात्र तेव्हा कापूस वेचणीला आलेला असतो. म्हणून 26 नोव्हेंबर 2023च्या सुमारास झालेल्या अवकाळीचा दोष बंगालच्या उपसागरावर टाकणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. तिकडचे ढग दख्खनचे पठार ओलांडेपर्यंत बहुधा रिते होतात. त्या वेळी पश्चिमी विक्षोभामुळे वरच्या थरात आलेली थंड हवा अरबी समुद्रावरून आलेल्या बाष्पाला भिडली. उत्तर महाराष्ट्रातली गारपीटही त्यातूनच झाली. ‘हा हवामानबदलच’ असे कोणी म्हणेल. तापलेली हवा अधिक बाष्प धरते हे खरे, तरी एका घटनेवरून तसा निकाल देता येत नाही. तापी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी नोव्हेंबरात वायव्येकडच्या विक्षोभाच्या बातमीकडेही लक्ष ठेवावे आणि वेचलेला कापूस उघड्यावर ठेवू नये.