पहिल्या नंबरचं गाणं ठरवतं कोण?

परवा गाडीत मुलानं त्याच्या शाळेच्या दिवसांतलं एक इंग्रजी गाणं लावलं. म्हणाला, "बाबा, हे २००३ मध्ये अमेरिकेच्या रेडिओवर २८ आठवडे पहिल्या नंबरवर होतं." मी विचारलं, "पहिला नंबर म्हणजे काय? मोजलं कुणी?" त्याला सांगता येईना, आणि खरं सांगायचं तर मलाही धड माहीत नव्हतं. मग शोधायला बसलो.

आपल्या पिढीला पहिला नंबर म्हटलं की बिनाका गीतमाला आठवते. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झाली. बुधवारची रात्र आणि अमीन सायानींचा आवाज. तिथली 'पायदान' ठरायची ती रेकॉर्डची विक्री आणि श्रोते संघांची मतं यांवरून. म्हणजे कुणीतरी खिशातून पैसे काढत होतं, नाहीतर पत्र लिहायची तसदी घेत होतं. अमेरिकेतल्या या यादीचं गणित वेगळं आहे.

'बिलबोर्ड' हे तिथलं संगीत व्यवसायाचं नियतकालिक. १९६१ च्या जुलैमध्ये त्यांनी 'ईझी लिसनिंग' नावाची यादी सुरू केली. पद्धत अगदी साधी होती. त्यांची 'हॉट १००' ही मोठी यादी घ्यायची, रॉक अँड रोलची दणदणीत गाणी वगळायची आणि उरलेल्यांना क्रम द्यायचा. पोरांच्या गोंगाटाला कंटाळलेल्या थोरांसाठी ही सोय! पहिल्या नंबरचा पहिला मान ब्रूक बेंटनच्या 'द बोल वीव्हिल साँग'ला मिळाला. बोल वीव्हिल म्हणजे कापसाचं बोंड पोखरणारा भुंगा. त्यानं अमेरिकेच्या दक्षिणेतला शेतकरी पार नागवला होता. आपल्या विदर्भातली बोंडअळी वेगळी, पण दुःख तेच. पुढे यादीचं नाव बदलत गेलं आणि १९७९ मध्ये 'अडल्ट कंटेम्पररी' झालं. अडल्ट म्हणजे इथे फक्त वयानं मोठे, भलता अर्थ घेऊ नका.

१९६४ चा किस्सा मला फार आवडतो. बीटल्सनी अमेरिका व्यापली होती. तेव्हा बासष्ट वर्षांच्या लुई आर्मस्ट्राँगनं 'हॅलो, डॉली!' गाऊन त्यांना हॉट १०० च्या शिखरावरून खाली उतरवलं. थोरांच्या यादीत तर ते गाणं नऊ आठवडे पहिलं होतं. माझ्या वयाच्या माणसाला हे ऐकून बरं वाटणारच.

आता मुद्द्याचं. पुढे कित्येक वर्षं रेडिओ केंद्रं स्वतःच कळवायची की या आठवड्यात आम्ही अमुक गाणी वाजवतोय. फौजेत आयुष्य घालवलेल्या माणसाला इथेच शंका येते. खालून वर जाणारा रिपोर्ट आणि प्रत्यक्ष जमिनीवरची स्थिती यांत किती अंतर पडू शकतं, ते मी पाहिलंय. इथेही तसंच व्हायचं. रेकॉर्ड कंपनीच्या माणसाला खूश ठेवायला गाणं यादीत लिहायचं आणि हवेत सोडायचंच नाही. पैसे घेऊन गाणी वाजवण्याचं प्रकरण तर त्याआधीच, १९५९-६० मध्ये, अमेरिकी संसदेपर्यंत पोचलं होतं. अखेर १९९० च्या दशकात यंत्र आलं. संगणक केंद्रांचं प्रक्षेपण सतत ऐकतो, प्रत्येक गाण्याची ध्वनीखूण ओळखतो आणि किती वेळा वाजलं ते मोजतो. रिपोर्टची जागा पहाऱ्यानं घेतली.

पण मोजणी खरी झाली, म्हणून निवड श्रोत्याची झाली असं नाही. ही केंद्रं साधारण पंचवीस ते चोपन्न वयाच्या, त्यातही महिला श्रोत्यांसाठी चालतात. ऑफिसात, दुकानात, गाडीत रेडिओ दिवसभर सुरू राहावा आणि जाहिराती कानावर पडत राहाव्यात, एवढंच त्यांना हवं असतं. त्यासाठी श्रोत्यांना गाण्याचे काही सेकंदांचे तुकडे ऐकवतात. ओळखीचं वाटतं का? आवडतं का? कंटाळा आलाय का? ज्या गाण्याला कुणी कान टवकारत नाही आणि कुणी बटणही फिरवत नाही, ते तगतं. नवं गाणं म्हणजे धोका, म्हणून नवी गाणी मोजकीच घेतात आणि तीच ती वाजवत राहतात. सॅव्हेज गार्डनचं 'ट्रूली मॅडली डीपली' या यादीत सलग १२३ आठवडे होतं. दोन वर्षांहून जास्त! याला मी लोकप्रियता म्हणणार नाही. ही सवय आहे.

तरी सगळंच मिळमिळीत असतं असं समजू नका. कारपेंटर्स या भावाबहिणीच्या जोडीची पंधरा गाणी इथे पहिली आली. कॅरन कारपेंटरचा तो खालच्या पट्टीतला आवाज एकदा ऐका. बत्तिसाव्या वर्षी गेली ती, १९८३ मध्ये.

आणि मुलाचं ते गाणं? अंकल क्रॅकरचं 'ड्रिफ्ट अवे'. मूळ १९७३ मध्ये डोबी ग्रेनं गाजवलेलं. म्हणजे २८ आठवडे पहिलं राहिलेलं हे 'नवं' गाणं थोरांच्या कानाला तीस वर्षांपासून ओळखीचं होतं. नव्या रेकॉर्डवर अंकल क्रॅकरच्या सोबतीला डोबी ग्रे स्वतःच गायलाय. मुलाला सांगितलं तर म्हणाला, "शेवटी येणारा तो दुसरा आवाज त्याचा होय?"