गेरूचे गाल

ऊर्जानगर या वीज केंद्राच्या वसाहतीत एका स्नेह्याच्या क्वार्टरमध्ये त्याच्या दिवंगत वडिलांचं चित्र पाहिलं आणि नजर गालांवरच अडकली. चित्रात काळा आणि तांबडा असे दोनच रंग होते, पण तो तांबडा पेन्सिलीचा वाटेना. "गेरू आहे. आमच्या सीएचपीतल्या काकांनी काढलं," स्नेही म्हणाला. पुढच्याच आठवड्यात, दुपारी, मी काकांचं घर गाठलं.

सीएचपी म्हणजे वीज केंद्रातला कोळसा हाताळणी विभाग. काका तिथूनच निवृत्त झाले. त्यांच्या टेबलावर किराणा दुकानातून आणलेले गेरूचे खडे आणि शेजारी काळे, चपटे दगड होते. कोळशाच्या थरासोबत निघणारा हा मऊ शेल भट्टीला नकोसा असतो. काका ब्लेडनं त्याच्या कांड्या कापतात. बहुतेक कांड्या कागदावर नुसते ओरखडे काढतात, एखादीच काजळासारखी उतरते. तीच ते जपून ठेवतात.

भिंतीवर एका मुलीच्या चित्राची छापील प्रत होती. ती स्कॉटलंडची राणी मेरी, १५५२ साली, नऊ वर्षांची. सोळाव्या शतकात झाँ क्लुए आणि त्याचा मुलगा फ्रान्स्वा फ्रेंच दरबारातली माणसं अशीच टिपत. त्यांचा काळा खडू म्हणजे असाच कार्बनयुक्त शेल, आणि तांबडा म्हणजे लोहयुक्त माती, आपला गेरूच. राणी कॅथरिन द मेदिचीनं मुलांची चित्रं मागवताना कळवलं होतं, की खडूची चालतील, म्हणजे लवकर होतील. अशी पाचशेहून अधिक चित्रं तिच्या संग्रहात होती. त्यांतली बरीचशी आज पॅरिसजवळच्या शाँतिईच्या संग्रहालयात आहेत.

लवकर व्हायला हवं, हे काकांनाही चुकलेलं नाही. "डबा खाल्ला का २० मिनिटं राहते जी यांच्यापाशी," ते म्हणाले. समोर कॉलनीत झाडलोट करणाऱ्या एक ताई बसल्या होत्या. २० मिनिटांत त्यांना पुन्हा कामावर जायचं होतं.

चेहरा किंचित वळवलेला. आधी काळ्यानं डोळ्याचा आतला कोपरा आणि नाकपुडीची कड, इतकी फिकी की मला ती दिसायला वेळ लागला. मग ओठ, नाकाचा शेंडा आणि कानाची पाळी यांना गेरू. गालावर तिरप्या, बारीक रेघा, एकीला एक लागून. हनुवटीखाली त्याच तांबड्या रेघांवरून काळ्या रेघा गेल्या आणि कागदावर सावली पडली. बोटानं कुठेही घासलं नाही.

"ताई, हासू नका."

ताईंना हसू आवरेना. काका थांबले. २० मिनिटांतली दोन गेली, पण ओठांची कड त्यांनी अंदाजानं ओढली नाही. त्या क्षणासाठी मी नंतर आणखी दोनदा तिकडे गेलो. राजपुत्राच्या ओठांना जेवढा मान, तेवढाच या ओठांना मिळताना मी पाहिला.

साडी चार रेघांत आटोपली. क्लुएंच्या चित्रांतही चेहरा पूर्ण आणि कपडे जेमतेम असतात. रंग ध्यानात राहावेत म्हणून काही ठिकाणी त्यांची नावं लिहिलेली आहेत. काकांनीही खांद्याजवळ बारीक अक्षरांत लिहिलं, 'मोरपंखी'. खाली ताईंचं पूर्ण नाव आणि तारीख घातली.

ताई चित्र पाहून काहीच बोलल्या नाहीत. पदरानं हात पुसून त्यांनी कागद कडेला धरून उचलला आणि घरी नेला.