तापलेले लोखंड थंड का करायचे?

पाचोड : धुळे-सोलापूर महामार्गावरील पाचोड हे पैठण तालुक्यातील गाव मोसंबीच्या बाजारपेठेमुळे सर्वपरिचित आहे. मोसंबीला भाव मिळाला की परिसरात घरांची, विहिरींची आणि गोदामांची बांधकामे निघतात आणि सळईची चौकशी सुरू होते. अंबडमार्गे गेल्यास पोलादनगरी जालना येथून दूर नाही. साहजिकच स्लॅबमध्ये पडणारी सळई बहुधा जालन्याची असते. तिच्या किमतीत भंगार, स्पंज आयर्न, वीज, कोळसा, मजुरी आणि वाहतूक असे अनेक खर्च मिसळलेले असतात. मात्र, त्यातला एक खर्च असा आहे की, जो वर्षानुवर्षे एकाच कामासाठी दोनदा केला गेला. लोखंड तापविण्याचा खर्च तो हाच.

प्रथम वीज जाळून लोखंड वितळवायचे, त्याचे ठोकळे ओतायचे, ते अंगणात थंड होऊ द्यायचे आणि नंतर सळई ओढण्यासाठी कोळसा जाळून तेच ठोकळे पुन्हा लालबुंद करायचे, अशी ही रीत. हा दुसरा खर्च टाळायचा असेल, तर ओतलेला ठोकळा रोलिंग मिलमध्ये जाईपर्यंत गरम ठेवला पाहिजे. ऐकायला सोपी वाटणारी ही गोष्ट साधण्यासाठी जगभरातील पोलाद उद्योग गेली सुमारे १४० वर्षे झटत आहे.

अंगणात विरणारी उष्णता

जालन्यातील औद्योगिक वसाहतीत भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत वितळविले जाते. साच्यात ओतताना या रसाचे तापमान सुमारे १६०० अंश सेल्सिअस असते. पूर्वी हा रस लोखंडी साच्यांत ओतून हातभर जाडीचे नव्हे, तर चार-पाच इंच जाडीचे लांबट ठोकळे तयार करीत. व्यवसायात त्यांना ‘पेन्सिल इनगॉट’ म्हणतात. आता अनेक ठिकाणी सलग ओतकाम करणारी यंत्रे आली असून त्यांतून चौकोनी बिलेट अखंड बाहेर पडते व ठरावीक लांबीवर कापले जाते.

ठोकळा कोणताही असो, गोठल्यानंतरही तो हजार अंशांच्या आसपास असतो. सळई ओढण्यासाठीही साधारण १०५० ते ११५० अंशांचे तापमान लागते. म्हणजे जे हवे आहे, ते जवळजवळ हातात असते. परंतु भट्टी एका वेळी चालते आणि मिल दुसऱ्या वेळी; किंवा दोन्ही वेगवेगळ्या मालकांच्या, वेगवेगळ्या आवारांत असतात. तोवर ठोकळ्यातील उष्णता हवेत विरून जाते.

ही उष्णता किती, याचा साधा हिशेब मांडता येतो. एक टन पोलाद सामान्य तापमानापासून ११५० अंशांपर्यंत तापवायला सुमारे २२० युनिट विजेइतकी उष्णता लागते. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या कुटुंबाची ही दोन महिन्यांची वीज झाली. प्रत्यक्षात खर्च याहून अधिक होतो. कोळशाच्या जुन्या तापभट्टीत निम्म्याहून अधिक उष्णता धुराड्यातून, भिंतींतून आणि उघड्या दारांतून निघून जाते. निम्मीच उष्णता पोलादापर्यंत पोहोचते असे धरले, तरी मध्यम प्रतीचा सुमारे ८० किलो कोळसा एका टनामागे जळतो आणि त्यातून दीडशे किलोच्या घरात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

तोटा इंधनापुरताच नाही. तापभट्टीत लोखंडाच्या पृष्ठभागाशी हवेतील प्राणवायूचा संयोग होऊन काळी पपडी धरते. मिलमध्ये शिरताना ती झडून पडते. या पपडीच्या रूपाने शंभर टनांमागे एक ते तीन टन चांगले पोलाद वाया जाऊ शकते. पुन्हा तापविणे टळले, तर ही जळही मोठ्या प्रमाणात टळते.

वैलावरची धग

जुन्या घरांत चुलीला जोडून वैल असे. चुलीवरचे काम आटोपलेले भांडे वैलावर सरकवले की, चुलीतल्याच धगीवर वरण किंवा दूध गरम राही; वेगळे जळण लागत नसे. पोलाद उद्योगातील ‘सोकिंग पिट’ची मूळ कल्पना हीच.

इंग्लंडमधील मिडल्सबरो भागातील पोलादतज्ज्ञ जॉन गीअर्स यांनी १८८२ मध्ये ती यशस्वी करून दाखविली. त्या काळचे ठोकळे मोठे, काही टनांचे असत. साचा काढला तेव्हा त्यांचा बाहेरचा थर गोठून बऱ्यापैकी निवलेला असे, तर गाभा अजून वितळलेल्या किंवा अर्धवट गोठलेल्या स्थितीत असे. असा ठोकळा लगेच रोलखाली घातला तर फुटणार. थंड होऊ दिला तर पुन्हा तापविण्याचा खर्च येणार. गीअर्स यांनी जमिनीत विटांचे खोल खड्डे बांधले. त्यांत ठोकळे उभे ठेवून वरून झाकण घातले. गाभ्यातील उष्णता बाहेरच्या थरात मुरली आणि संपूर्ण ठोकळ्याचे तापमान सारखे झाले. खड्ड्यात इंधन जाळावेच लागले नाही.

येथे ‘मुरणे’ हा शब्द नेमका लागू पडतो. लोणच्याच्या फोडीत मीठ मुरते, तशी ठोकळ्यात उष्णता मुरू द्यावी लागते. घाई केली तर आत एक आणि बाहेर एक, अशी अवस्था राहते.

पुढे या खड्ड्यांत वायू जाळण्याची सोय झाली, कारण प्रत्येक ठोकळा वेळेवर येईलच याची खात्री नसे. जमशेदपूर, भिलाई, राऊरकेला येथील मोठ्या कारखान्यांतही इनगॉटच्या काळात सोकिंग पिट होते. ठोकळा ओतल्यापासून खड्ड्यात पोहोचेपर्यंत रुळांवरच्या गाडीत किती वेळ गेला, याची काटेकोर नोंद तेथे ठेवली जाई. जितका वेळ अधिक, तितके इंधन अधिक.

एका मिनिटाची किंमत

मग जालन्यातील कारखान्यांना तसाच खड्डा खणून प्रश्न का सोडविता आला नाही? याचे उत्तर ठोकळ्याच्या आकारात आहे.

तापलेली वस्तू आपली उष्णता मुख्यतः किरणांच्या रूपाने फेकते आणि तापमान वाढेल तसा हा वेग झपाट्याने वाढतो. हजार अंशांवरील पोलाद सातशे अंशांवरील पोलादाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने उष्णता गमावते. त्यात ठोकळा जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा. भाकरी लगेच निवते, पण पातेलेभर भात तासभर गरम राहतो, तसाच हा प्रकार. शंभर मिलिमीटर जाडीचे बिलेट हजार अंशांवर उघड्या हवेत असेल, तर ते सुरुवातीला मिनिटाला सुमारे पन्नास ते साठ अंशांनी निवते. सहा पट जाड ठोकळा मिनिटाला जेमतेम दहा अंश गमावतो. मोठ्या ठोकळ्यासाठी अर्धा तास चालून जातो. बिलेटसाठी दोन मिनिटेही महाग पडतात.

शिवाय बिलेट सगळीकडे सारखे निवत नाही. कडा आणि टोके आधी काळवंडतात, गाभा तापलेलाच राहतो. अशा बिलेटची थंड कड रोलखाली आली की तिला चीर पडण्याची भीती असते. थंड भाग अधिक कठीण असल्याने रोलवर ताण येतो आणि त्या भागातील सळई किंचित जाड निघते. त्यामुळे नुसते गरम ठेवणे पुरेसे नाही. सर्व बाजूंनी सारखे गरम ठेवणे महत्त्वाचे असते.

दोन मार्ग

यावर दोन मार्ग रूढ झाले आहेत. पहिला मार्ग गरम बिलेट तापभट्टीत भरण्याचा. ओतकाम यंत्रातून निघालेले बिलेट अंगणात न टाकता ते थेट भट्टीत सरकवितात. ६०० अंशांवर भरलेल्या बिलेटमध्ये रोलिंगसाठी लागणारी जवळजवळ निम्मी उष्णता आधीच असते. भट्टीला उरलेली भर घालावी लागते. या पद्धतीत थोडा उशीर झाला तरी निभावते.

दुसरा मार्ग तापभट्टीच वगळण्याचा. बिलेट कापले की रोलरच्या मार्गावरून ते वेगाने मिलकडे धावते. मार्गावर उष्णतारोधक अस्तर असलेली झाकणे बसविलेली असतात, त्यामुळे बाहेर फेकली जाणारी उष्णता पुन्हा बिलेटकडे परततात. ओतण्याचा वेग वाढविला जातो, जेणेकरून बिलेट यंत्राबाहेर येतानाच अधिक गरम असावे. पन्नास-शंभर अंश कमी पडलेच, तर वाटेत विजेच्या वेटोळ्यातून बिलेट नेऊन ती तूट भरून काढतात.

याचे भव्य रूप महाराष्ट्रातच रायगड जिल्ह्यातील डोलवी येथे आहे. इस्पात इंडस्ट्रीजने उभारलेल्या आणि पुढे जेएसडब्ल्यू समूहाकडे गेलेल्या या कारखान्यात पातळ स्लॅब ओतला जातो व बोगद्यासारख्या लांबलचक भट्टीतून सरकत थेट पत्रा लाटणाऱ्या मिलमध्ये शिरतो. अमेरिकेतील न्यूकॉर कंपनीने १९८९ मध्ये क्रॉफर्ड्सव्हिल येथे हे तंत्र प्रथम व्यापारी पातळीवर आणले. बोगद्याचे काम स्लॅबला नव्याने तापविण्यापेक्षा त्याचे तापमान टिकविण्याचे व सारखे करण्याचे असते. गीअर्स यांचा उभा खड्डा जणू आडवा झाला.

लहान उद्योगांसाठीही प्रयत्न झाले. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साह्याने री-रोलिंग मिलमधील ऊर्जाबचतीचा प्रकल्प २००४ मध्ये हाती घेतला. बिलेट गरम असतानाच वापरणे हा त्यातील पर्यायांपैकी एक होता.

अडचण वेळापत्रकाची

तंत्र उपलब्ध असताना ते सर्वत्र का नाही, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. याचे कारण विज्ञानात कमी आणि कामाच्या जुळणीत अधिक आहे. थेट रोलिंगमध्ये भट्टी, ओतकाम यंत्र आणि मिल यांना एकाच तालात चालावे लागते. मिलमधील एक रोल बदलायचा असला, सळई अडकली किंवा वीज खंडित झाली, तरी मागून येणारे बिलेट थांबत नाही. ते बाजूला काढावे लागते आणि काही मिनिटांत त्याची उष्णता हातची जाते. अंगणात थंड ठोकळ्यांचा साठा असला की मालकाला निर्धास्त वाटते. थेट रोलिंगमध्ये तो आधार नसतो. ज्यांच्याकडे फक्त मिल आहे आणि बिलेट बाहेरून ट्रकने येते, त्यांच्यासाठी तर हा मार्ग बंदच आहे.

कामगारांच्या सुरक्षेचा विचारही आवश्यक ठरतो. कोळसा फोडणे, भट्टीत झोकणे आणि धुरात उभे राहणे या कामांतून सुटका होते, ही जमेची बाजू. मात्र, हजार अंशांची बिलेट वेगाने धावत असताना तिच्या वाटेवर कुणीही माणूस असता कामा नये. झाकणे, कठडे आणि वेळीच वाजणारा भोंगा हा खर्च बचतीच्या हिशेबात आधीच धरायला हवा.

दुसरीकडे, थांबणे आता परवडणारे नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये ‘हरित पोलाद’ कशाला म्हणायचे, याची व्याख्या जाहीर केली. एक टन तयार पोलादामागे २.२ टनांहून कमी कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या कारखान्यालाच हे बिरुद मिळू शकते. तापभट्टीतून वाचलेले दीडशे किलो या मोजमापात लहान नाहीत.

ग्राहकाने काय पाहावे?

पाचोडच्या दुकानात सळई घेणाऱ्याला ती पुन्हा तापविलेल्या बिलेटची की थेट रोलिंगची, हे पाहून ओळखता येत नाही. त्याची गरजही नाही. तापमान नीट राखलेले असेल, तर दोन्ही पद्धतींनी चांगली सळई बनते. राखलेले नसेल, तर दोष जाडीत आणि वजनात उतरू शकतो. सळईवर आयएसआय चिन्ह, उत्पादकाचे नाव व प्रत उमटविलेली आहे का, हे पाहावे. वजनाची पडताळणी तर कुणालाही शक्य आहे. भारतीय मानक १७८६ नुसार ८ मिलिमीटर सळईचे वजन मीटरला ०.३९५ किलो, १० मिलिमीटरचे ०.६१७ किलो आणि १२ मिलिमीटरचे ०.८८८ किलो असावे. पहिल्या दोन जाडींना सात टक्के, तर १२ मिलिमीटरला पाच टक्के कमी-अधिक चालते. त्याहून अधिक तफावत आढळल्यास दुकानदाराला विचारणा करावी.

टीएमटी सळईच्या जन्माचा शेवटचा टप्पाही उष्णता राखण्याचाच असतो. मिलमधून निघालेल्या लाल सळईवर पाण्याचा जोरदार मारा होतो. वरची कातडी क्षणात थंड व कठीण होते. गाभा मात्र तापलेला राहतो. गाभ्यातील ती उष्णता हळूहळू बाहेर येऊन कठीण कातडीचा ठिसूळपणा घालविते. म्हणूनच सळई मजबूतही राहते आणि वाकविताना तुटतही नाही. सळईच्या अंगी असलेला हा गुण पोटात शिल्लक राहिलेल्या धगीतून येतो. ओतलेल्या ठोकळ्याच्या पोटातही तशीच धग असते. ती अंगणात विरू द्यायची की मिलपर्यंत न्यायची, एवढाच निर्णय कारखान्यांना घ्यायचा आहे.