हिवतापवाहक डासांच्या दंशांचे मापन

हिवतापवाहक डासांच्या दंशांचे मापन म्हणजे हिवतापाचा (मलेरियाचा) प्रसार करणारे अ‍ॅनोफिलीस डास एखाद्या ठिकाणच्या माणसांना ठरावीक काळात किती वेळा चावतात आणि त्यांपैकी किती दंश संसर्गकारक असतात, हे ठरविण्याची प्रक्रिया होय. रोगाचा प्रसार जिथे मोठ्या प्रमाणावर आहे तिथे हे मापन डास पकडून व त्यांची तपासणी करून करता येते. प्रसार अत्यल्प असलेल्या क्षेत्रांत मात्र डास कमी सापडतात आणि संसर्गित डास तर क्वचितच हाती लागतो. त्यामुळे अशा क्षेत्रांत डासांच्या मोजणीला माणसांच्या रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी, रात्रीच्या वेळच्या वागणुकीची नोंद आणि संख्याशास्त्रीय अनुमान यांची जोड द्यावी लागते.

पार्श्वभूमी

रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीची वाढ आढळली. त्यानंतर डास हाच या रोगाचा वाहक असल्याचे सिद्ध झाले आणि ‘किती डास, किती दंश’ हा प्रश्न रोगनियंत्रणाच्या केंद्रस्थानी आला. विसाव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज मॅक्डोनाल्ड यांनी रॉस यांच्या गणिती मांडणीचा विस्तार केला. डासांची घनता, त्यांची माणसाला चावण्याची सवय आणि त्यांचे आयुर्मान यांवर प्रसार कसा अवलंबून असतो, हे त्यांनी दाखवून दिले.

रुग्णसंख्या घटली म्हणजे दंशही घटले असे नसते, ही बाब इतिहासाने अनेकदा स्पष्ट केली आहे. श्रीलंकेत १९६३ साली हिवतापाचे केवळ १७ रुग्ण नोंदले गेले होते. त्याच दशकाच्या अखेरीस तेथे मोठी साथ उसळून रुग्णसंख्या लाखांवर गेली. भारतात १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. १९६५ च्या सुमारास देशातील वार्षिक रुग्णसंख्या सुमारे एक लाखापर्यंत खाली आली होती. १९७६ साली ती ६४ लाखांच्या आसपास पोहोचली. परजीवी जवळजवळ नाहीसा झाला तरी वाहक डास आणि त्यांचा माणसाशी असलेला संपर्क कायम राहतो. बाहेरून आलेला एखादा रुग्णही मग नव्या साखळीची सुरुवात करू शकतो. एखाद्या क्षेत्राच्या या क्षमतेस ग्रहणशीलता म्हणतात. दंशांचे मापन हा ग्रहणशीलता जाणून घेण्याचा सर्वांत थेट मार्ग आहे.

मूलभूत राशी

या मापनात पुढील राशी वापरल्या जातात.

मानवी दंशदर : एका माणसाला एका रात्रीत वाहक जातीचे सरासरी किती डास चावतात ती संख्या.

स्पोरोझॉइट दर : तपासलेल्या डासांपैकी किती डासांच्या लाळग्रंथींत परजीवीची संसर्गकारक अवस्था (स्पोरोझॉइट) आढळते ते प्रमाण. पूर्वी यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली लाळग्रंथींचे विच्छेदन करीत. १९८० च्या दशकापासून स्पोरोझॉइटवरील प्रथिन ओळखणारी एलायझा चाचणी आणि पुढे पीसीआर चाचणी प्रचारात आली.

संसर्गकारक दंशदर : वरील दोन राशींचा गुणाकार, म्हणजेच एका माणसाला ठरावीक काळात मिळणारे संसर्गकारक दंश. तो सहसा वर्षासाठी सांगितला जातो. आफ्रिकेतील तीव्र प्रसाराच्या काही भागांत तो वर्षाला शेकड्यांत मोजला गेला आहे. अल्प प्रसाराच्या क्षेत्रांत तो एकपेक्षाही कमी असतो.

मानवी रक्त निर्देशांक : रक्त प्यालेल्या डासांपैकी माणसाचे रक्त प्यालेल्या डासांचे प्रमाण.

अल्प प्रसारातील अडचण

ही अडचण एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होते. एखाद्या गावात प्रत्येक माणसाला दोन रात्रींतून एकदा वाहक डास चावतो आणि हजारांतील एक डास संसर्गित असतो, असे मानल्यास दंशदर ०.५ व स्पोरोझॉइट दर ०.००१ होतो. वर्षाच्या ३६५ रात्रींसाठी गुणाकार केला की संसर्गकारक दंशदर सुमारे ०.१८ येतो, म्हणजे एका माणसाला साधारण साडेपाच वर्षांतून एक संसर्गकारक दंश होतो. हा दर लहान वाटला, तरी हजार वस्तीच्या गावात त्याचा अर्थ वर्षाला सुमारे १८० संसर्गकारक दंश असा होतो.

हाच दर प्रत्यक्ष मोजायचा झाल्यास मात्र पंचाईत होते. निदान एक संसर्गित डास सापडण्याची शक्यता ९५ टक्के असावी, यासाठी सुमारे ३,००० डास तपासावे लागतील. एका संकलकाला रात्रीला सरासरी अर्धा डास मिळत असेल, तर त्यासाठी सुमारे ६,००० मनुष्य-रात्री खर्ची पडतील. एवढी यंत्रणा कोणत्याही नियमित कार्यक्रमाला परवडत नाही. कमी रात्रींच्या संकलनात बहुतेक वेळा ‘शून्य’ हाच निष्कर्ष मिळतो. पण शून्य संसर्गित डास सापडणे आणि प्रसार शून्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय दंश सर्व माणसांत सारखे वाटलेले नसतात. पाणथळ जागेजवळची घरे, उघड्यावर झोपणारी माणसे, रात्रपाळीचे कामगार यांच्या वाट्याला अधिक दंश येतात. गँबियातील अभ्यासात गर्भवती स्त्रियांकडे इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट डास आकर्षित होत असल्याचे आढळले. अनेक संसर्गजन्य रोगांत सुमारे २० टक्के व्यक्ती सुमारे ८० टक्के प्रसारास कारणीभूत ठरतात, असा एक ढोबळ नियम मांडला गेला आहे. प्रसार जसजसा घटतो तसतसा तो अशा थोड्या घरांत व थोड्या माणसांत एकवटत जातो आणि गावाची सरासरी दिशाभूल करू लागते.

डास पकडण्याच्या पद्धती

मानवी आमिष पद्धत

या पद्धतीत संकलक पाय गुडघ्यापर्यंत उघडे ठेवून रात्रभर बसतो. पायावर बसलेला डास चावण्यापूर्वीच विजेरीच्या उजेडात नळीने ओढून घेतला जातो. घरात व घराबाहेर असे दोन संकलक बसवून दर तासाचे डास वेगळ्या डब्यांत ठेवले जातात. त्यामुळे दंशाची जागा आणि वेळ दोन्ही कळतात. माणसाला चावण्यास आलेले डास थेट मोजले जात असल्याने इतर पद्धती याच पद्धतीशी ताडून पाहिल्या जातात.

तिच्यावरील मुख्य आक्षेप नैतिक आहे, कारण संकलकाला रोगाचा धोका पत्करावा लागतो. पश्चिम केनियातील, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रतिबंधक औषधे घेणाऱ्या संकलकांत हिवतापाचे प्रमाण इतरांपेक्षा पुष्कळ कमी आढळले. मात्र डेंग्यू, चिकुनगुन्या यांसारख्या डासजन्य रोगांवर असे प्रतिबंधक औषध नाही. याखेरीज संकलकाचे कौशल्य, त्याची जागरूकता आणि त्याच्या अंगाचा गंध यांनुसार आकडे बदलतात.

सापळे व अन्य साधने

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रात १९६० च्या दशकाच्या आरंभी विकसित झालेला लहान प्रकाश सापळा सर्वाधिक वापरला जातो. मच्छरदाणीत झोपलेल्या माणसाच्या पायथ्याशी तो टांगतात. माणसाच्या गंधाने आलेले डास दिव्याजवळील पंख्याने आत ओढले जातात. दुहेरी मच्छरदाणीच्या सापळ्यात माणूस आतल्या जाळीत सुरक्षित राहतो व डास दोन जाळ्यांच्या मधल्या जागेत अडकतात. सकाळी घरात पायरेथ्रम फवारून खाली पडलेले डास वेचण्याची पद्धतही जुनी आहे; तीत फक्त घरात विसावणारे डास मिळतात.

भारतातील कार्यक्रमांत पहाटे घरे व गोठे यांमध्ये विजेरी व नळीच्या साहाय्याने डास वेचून ‘प्रति माणूस प्रति तास घनता’ काढण्याची पद्धत रुजलेली आहे. ती स्वस्त व सोपी आहे. परंतु तीत विसावलेले डास मोजले जातात, चावणारे नव्हे. गोठ्यात शेकडो डास सापडले तरी त्यांतील बहुतेकांनी गुरांचेच रक्त प्यालेले असू शकते. म्हणून या घनतेवरून माणसाला होणाऱ्या दंशांचा अंदाज बांधताना मानवी रक्त निर्देशांक पाहणे आवश्यक ठरते.

जातींची ओळख

अ‍ॅनोफिलीसच्या सर्व जाती हिवताप पसरवीत नाहीत. दिसायला सारख्या पण वर्तनाने भिन्न असलेल्या ‘भगिनी जाती’ ही यातील मोठी गुंतागुंत आहे. ग्रामीण भारतातील प्रमुख वाहक अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसीस हा पाच भगिनी जातींचा समूह असून त्यांतील ‘बी’ जात दुबळी वाहक मानली जाते. अ‍ॅनोफिलीस फ्लुव्हिआटिलिस समूहातील ‘एस’ जात माणसाला पसंती देते, तर ‘टी’ जात मुख्यतः गुरांना चावते. या जाती डोळ्यांनी वेगळ्या ओळखता येत नाहीत. त्यासाठी गुणसूत्रांची किंवा डीएनएची तपासणी करावी लागते. ती न केल्यास निरुपद्रवी डासांची संख्या धोक्याच्या हिशेबात मिसळली जाते.

माणसांची वागणूक

संकलक रात्रभर उघडा बसलेला असतो. गावकरी तसे बसत नाहीत. कोणी संध्याकाळी अंगणात असतो, कोणी आठ वाजता मच्छरदाणीत शिरतो, कोणी शेतावर राखणीला जातो. त्यामुळे तासवार दंशदर आणि त्या त्या तासाला किती लोक घरात, घराबाहेर वा मच्छरदाणीत आहेत याची नोंद एकत्र करून प्रत्यक्ष संपर्क काढतात. मध्यरात्री डास सर्वाधिक चावत असले तरी त्या वेळी बहुतेक लोक औषधभारित मच्छरदाणीत असतील, तर उरलेल्या संपर्काचा मोठा भाग संध्याकाळ व पहाट या वेळांत येतो. मच्छरदाणी व घरातील फवारणी यांनी न टळणाऱ्या या उर्वरित प्रसारावर वेगळे उपाय योजावे लागतात.

लाळेविरुद्धची प्रतिपिंडे

रक्त शोषताना डास माणसाच्या त्वचेत लाळ सोडतो. या लाळेतील काही प्रथिनांविरुद्ध माणसाच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होतात. त्यांचे प्रमाण मोजले तर त्या व्यक्तीला अलीकडच्या काळात किती दंश झाले असावेत याचा अंदाज येतो. या तत्त्वावर अ‍ॅनोफिलीस गॅम्बीच्या मादीच्या लाळग्रंथींत आढळणारे ‘जीएसजी-६’ हे प्रथिन विशेष अभ्यासले गेले आहे. ते एडिस व क्युलेक्स डासांत आढळत नसल्याने इतर डासांच्या दंशांमुळे निष्कर्षात गल्लत होण्याची शक्यता कमी असते. या प्रथिनाचा ‘जीएसजी-६ पी-१’ नावाचा लहान तुकडा कृत्रिम रीतीने तयार करून एलायझा चाचणीत वापरतात. त्याची उपयुक्तता प्रथम सेनेगलमधील मुलांच्या रक्तनमुन्यांवर तपासण्यात आली व निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले.

बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब फिल्टर पेपरवर वाळवून प्रयोगशाळेत पाठविता येतो. हिवतापाच्या नेहमीच्या सर्वेक्षणात रक्त घेतले जातेच. त्याच वेळी हा थेंबही घेता येतो. डासांची मोजणी गावाची सरासरी सांगते, तर ही चाचणी प्रत्येक व्यक्तीचा संपर्क दाखविते. अंगोलात औषधभारित मच्छरदाण्या वापरू लागल्यानंतर काही आठवड्यांत या प्रतिपिंडांचे प्रमाण घटल्याचे आढळले. म्हणजे एखादा उपाय लागू पडतो आहे की नाही, हे रुग्णसंख्या बदलण्याची वाट न पाहता कळू शकते. रुग्णच मोजके असलेल्या क्षेत्रात या गुणाचे मोल अधिक आहे.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. प्रतिपिंडांची पातळी म्हणजे दंशांची नेमकी संख्या नव्हे. वय, प्रकृती आणि पूर्वीचा संपर्क यांनुसार एकाच दंशसंख्येला वेगवेगळा प्रतिसाद मिळतो. गॅम्बीवर आधारलेली चाचणी इतर जातींसाठी किती संवेदनशील आहे, हे त्या त्या प्रदेशात तपासून पाहावे लागते. अमेरिका खंडातील प्रमुख वाहकांत तर हे प्रथिन आढळत नाही. प्रवास करून आलेल्या व्यक्तीचे दंश कोणत्या गावी झाले, हेही चाचणी सांगू शकत नाही. आणि दंश संसर्गकारक होता की नव्हता, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

परजीवीविरुद्धची प्रतिपिंडे

शेवटच्या प्रश्नाचे अंशतः उत्तर परजीवीच्या प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांतून मिळते. यांपैकी काही प्रतिपिंडे वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून वयोगटानुसार किती लोकांत ती आढळतात हे पाहून मागील अनेक वर्षांतील प्रसाराची तीव्रता काढता येते. ईशान्य टांझानियात समुद्रसपाटीपासूनच्या उंचीनुसार बदलणारा प्रसार या रीतीने मोजण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. एखाद्या गावातील प्रौढांत ही प्रतिपिंडे आढळतात पण दहा वर्षांखालील मुलांत मुळीच नाहीत, तर प्रसार सुमारे दशकभरापूर्वी थांबला असावा असा निष्कर्ष निघतो. त्याच मुलांत लाळेविरुद्धची प्रतिपिंडे भरपूर असतील, तर दंश चालूच आहेत व रोग परतण्याचा धोका कायम आहे, असा अर्थ होतो.

भारत व महाराष्ट्र

भारताने २०१६ साली जाहीर केलेल्या राष्ट्रीय आराखड्यात २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यात दर हजार लोकसंख्येमागील वार्षिक रुग्णसंख्येवरून, म्हणजे वार्षिक परजीवी निर्देशांकावरून, राज्ये व जिल्ह्यांचे वर्गीकरण केले जाते. हा निर्देशांक रुग्ण मोजतो. दंश मोजत नाही.

महाराष्ट्रात दोन भिन्न परिस्थिती दिसतात. गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यात हिवतापाचा भार मोठा असून क्युलिसिफेसीस व फ्लुव्हिआटिलिस हे तेथील प्रमुख वाहक आहेत. याउलट मुंबईत अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी हा डास विहिरी, पाण्याच्या टाक्या आणि बांधकामाच्या जागी साचलेले पाणी यांत वाढतो. सी. ए. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात मुंबईतील हिवतापाचा संबंध शहरातील विहिरींशी जोडला होता. स्टीफेन्सीचे प्रौढ डास विसाव्याच्या जागी सहजासहजी सापडत नाहीत. म्हणून शहरांत अळ्यांच्या उत्पत्तिस्थानांची तपासणी हाच पाहणीचा मुख्य आधार राहिला आहे. बांधकाम मजुरांसारख्या सतत स्थलांतर करणाऱ्या गटांना होणाऱ्या दंशांचा अंदाज मात्र अशा तपासणीतून येत नाही.

निष्कर्षांचा उपयोग

अल्प प्रसाराच्या क्षेत्रात एकच पद्धत पुरेशी ठरत नाही. डास पकडून जात, वेळ व जागा कळते. वागणुकीच्या नोंदींतून प्रत्यक्ष संपर्क कळतो. लाळेविरुद्धच्या प्रतिपिंडांतून व्यक्तीनिहाय फरक दिसतो आणि परजीवीविरुद्धच्या प्रतिपिंडांतून प्रसाराचा इतिहास उलगडतो. फवारणी वा मच्छरदाणीवाटप कुठे चालू ठेवावे आणि कुठे थांबवावे, हा निर्णय घेताना या सर्वांचा एकत्रित विचार केला जातो. श्रीलंकेला सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिवतापमुक्त घोषित केले. वाहक डास तेथे आजही आहेत. त्यामुळे रुग्ण नसतानाही कीटकशास्त्रीय पाहणी चालू ठेवणे हा तेथील प्रतिबंधक कार्याचा भाग आहे.

हेही पहा

हिवताप
अ‍ॅनोफिलीस
रोनाल्ड रॉस
मच्छरदाणी
प्रतिपिंड