चढलात गुंजवण्यातून, उतरलात वेल्ह्यात... आणि गाडी?

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसात कुणाचंच डोकं कामात नाही. ‘राजगड-तोरणा करू या?’ ग्रुपवर मेसेज पडतो, धडाधड ‘येस’ येतात आणि मग तो नेहमीचा प्रश्न... गाडीचं काय?

तसे पर्याय भरपूर. मोबाइलवर चार टिचक्या मारल्या की स्वतः चालवायची गाडी हजर! बेंगळुरूत 2013 मध्ये सुरू झालेली झूमकार आधी स्वतःच्या गाड्या भाड्याने द्यायची. पुढे ती लोकांच्या गाड्या लोकांना मिळवून देऊ लागली आणि डिसेंबर 2023 मध्ये थेट अमेरिकेच्या नॅसडॅकवर पोचली. ड्रायव्हर नाही, गाणी आपली, वेळ आपली. धम्माल!

पण बॉस, या ट्रेकचं गणित वेगळं आहे. गुंजवण्यातून चढायचं, चोर दरवाजाने पद्मावती माची, मग संजीवनी, पुढे डोंगराच्या सोंडेवरून तोरण्याची बुधला माची आणि उतरायचं ते वेल्ह्यात. गाडी मात्र गुंजवण्यातच! ती आणायला आता पाय कुणाचे चालणार? आणि दोन दिवस डोंगर तुडवून आल्यावर स्टिअरिंगवर झोप लागली तर?

इथेच भोर-वेल्ह्याच्या गाडीवाल्याचं महत्त्व कळतं. तो तुम्हाला गुंजवण्यात सोडतो आणि ठरल्या वेळी वेल्ह्यात उभा असतो. मढे घाटाकडे धुकं किती, वरंध घाट दरडींमुळे बंद आहे की चालू, हे त्याला निघायच्या आधीच ठाऊक असतं. ‘दादा, भोरवरून महाडला उतरू या का?’ असं विचारल्यावर जो स्वतःचं भाडं बुडवून ‘आज नको’ म्हणतो, त्याचा नंबर सेव्ह करून ठेवा!

गिऱ्हाईक तुटतं कुठे? बिलावर. ओलाचे भाविश अगरवाल यांचा किस्सा प्रसिद्ध आहे. बेंगळुरूहून बंदीपूरला जाताना ड्रायव्हरने वाटेतच गाडी थांबवून जादा पैसे मागितले. त्या मनस्तापातून 2010 मध्ये कंपनीची कल्पना निघाली, असं ते सांगतात. एका ड्रायव्हरने गिऱ्हाईक गमावलं आणि एक अख्खी कंपनी उभी राहिली!

आपल्याकडचं गणितही बघा. बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला किमान 250 किंवा 300 किलोमीटर धरायची पद्धत आहे. पुणे-वेल्हे जाऊन-येऊन होतात साधारण सव्वाशे. वर ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग. शिवाय मीटर तुमच्या दारापासून नाही, तर गाडीच्या गॅरेजपासून सुरू! यात गैर काही नाही. हे फोनवरच सांगितलं तर गिऱ्हाईक ‘ओके’ म्हणतं. परतल्यावर सांगितलं तर भांडतं आणि पुन्हा फिरकत नाही. बजेट कमी असेल तर स्वारगेटहून एसटीने वेल्हे गाठा आणि पुढे तिथलीच जीप ठरवा. रिकाम्या फेरीचे पैसे वाचतात.

स्वस्तात मिळते म्हणून पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी मात्र भाड्याने घेऊ नका. टॅक्सीला पिवळी प्लेट असते, स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं. खासगी गाडीला भाड्याचं परमिट नसतं. घाटात काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग वाचवलेले हजार रुपये कुठे पुरणार?

गाडीवाल्याच्या बाजूनेही पाहा. ट्रेकवाले येतात शनिवार-रविवारी. कर्जाचा हप्ता मात्र मंगळवार-बुधवार ओळखत नाही. मधले दिवस निघतात लग्नाच्या वऱ्हाडावर, पुण्याला दवाखान्यात न्यायच्या पेशंटवर, शिरवळच्या कारखान्यांच्या भाड्यावर. हे गिऱ्हाईक जाहिरातीने येत नाही, कुणाच्या तरी सांगण्यावरून येतं. तुमचंही तसंच असतं. सोमवारी कॅण्टीनमध्ये पाय चोळत फोटो दाखवताना बाजूच्या टेबलावरून आवाज येतो, ‘ए, गाडी कुणाची होती? नंबर दे ना!’

वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये घेतला. पाटी बदलली तरी धंदा मात्र चालणार जुन्याच नियमावर... ठरलेला दर, ठरलेली वेळ आणि उतरल्यावर समोर उभी असलेली गाडी!